ट्यूब बदलायच्या आधी हाय व्होल्टेज मोजा

कॅथोड-रे ट्यूबच्या पडद्यावरचा इलेक्ट्रॉनचा ठिपका दुपारी ३ सेंटिमीटर सरकतो, रात्री दहानंतर त्याच बॅटरीवर जेमतेम अडीच, म्हणजे ट्यूब म्हातारी झाली का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. एम.एस्सी.ला असताना कोल्हापुरात उद्यमनगर या कारखान्यांच्या भागाजवळ खोली होती. ऑसिलोस्कोपची ट्यूब, ठिपका सरकवणाऱ्या प्लेट्सना कोरड्या बॅटऱ्यांचे ४५ व्होल्ट, आणि रात्री हाच घोळ.

विकणाऱ्याच्या सर्व्हिस विभागाकडे तीन खेपा घातल्या. काचेतून आत बघून त्यांनी सांगितलं, "ट्यूब गेली, नवी घाला." महिन्याच्या मेसचे पैसे घालून नवी घेतली. तिचंही रात्री तेच! त्यांनी मीटर लावला नाही, हे खरं. पण मी तरी कुठे लावला होता?

ट्यूब ठणठणीत होती. रात्री कारखाने थांबले की आमच्या लाइनचं व्होल्टेज २०० वरून २४० पर्यंत चढायचं आणि इलेक्ट्रॉनला वेग देणारं हाय व्होल्टेज पुरवणारा माझा सप्लाय साधा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नसलेला. दुपारचे १००० रात्री १२०० व्हायचे. हजार व्होल्टला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १८,७०० किलोमीटर वेगानं सुटतो. २ सेंटिमीटरच्या प्लेट्समधून जायला त्याला जेमतेम १ नॅनोसेकंद. वेग वाढला की प्लेट्सना त्याला ओढायला वेळच कमी मिळतो. सरकणं हाय व्होल्टेजच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून ३ चे बरोबर अडीच. तुमचा आकडाही तोच आहे, म्हणून एवढं ठामपणे बोलतोय. तरी सेट समोर नाही, मोजूनच खात्री करा.

आणि नुसत्या प्लेट्सवरून e/m, म्हणजे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार भागिले वस्तुमान, काढत बसला असाल तर थांबा. ठिपका सरकण्याच्या सूत्रात e आणि m दोन्ही कटतात. मी त्यातही आठवडा घालवलाय. इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या जे. जे. थॉमसननं १८९७ मध्ये e/m मोजताना चुंबक उगाच नाही वापरलं. २५,००० व्होल्टची टीव्हीची ट्यूब घेतलीत तर साधं सूत्रही वेग साडेतीन टक्क्यांनी जास्त दाखवतं, तिथं सापेक्षता धरावी लागते.

मोजताना एकट्यानं मोजू नका, प्रोब हाय व्होल्टेजचाच हवा. कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) तापवणारा हीटर ६.३ व्होल्टचा म्हणून त्याच्या पिनेला हात लावाल तर पस्तावाल. अशा बहुतेक सेट्समध्ये कॅथोडबरोबर तोही उणे हजारावर बसलेला असतो. बंद केल्यावरही कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची खात्री करूनच आत हात घाला.

दुपारचं आणि रात्रीचं, दोन्ही रीडिंग इथं टाका. तोवर नव्या ट्यूबची ऑर्डर देऊ नका.