एम्बोलायझेशननंतर पुन्हा रक्त का पडलं?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, मधुमेही. कोविडमधून उठल्यावर फुप्फुसात म्युकर निघाला. खोकल्यातून रक्त पडू लागलं म्हणून एम्बोलायझेशन (रक्त गळणारी धमनी आतून बुजवणं) केलं, पण आठवड्याच्या आत पुन्हा रक्त पडलं. आता डॉक्टर म्हणतात, फुप्फुसाच्या धमनीला फुगा आलाय, कॉइल (धमनी बुजवणारी धातूच्या तारेची बारीक गुंडाळी) टाकावी लागेल. पहिलं काम नीट झालं नव्हतं का? आणि फुगा बंद झाल्यावर म्युकरची औषधं थांबतील का?

उत्तर : पहिलं काम बिघडलं, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी येतं. महाधमनीतून निघणाऱ्या ब्राँकियल धमन्या बारीक असतात, पण त्यांतला दाब अंगातल्या बीपीइतका. खोकल्यातून खूप रक्त पडतं तेव्हा सुमारे ९० टक्के वेळा ते त्यांतूनच येतं, म्हणून एम्बोलायझेशन सहसा आधी तिथेच करतात. दुसरी वाट हृदयाच्या उजव्या बाजूने येणाऱ्या फुप्फुस-धमनीची. म्युकरची बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीतच घुसते. भिंत कुजून फुटली की रक्त बाहेरच्या पातळ थराने आणि गुठळीने कसंबसं अडून राहतं. हाच स्यूडोअ‍ॅन्युरिझम. पहिली वाट बंद करून तो बंद होत नाही. फुगा लहान आहे म्हणून थांबून पाहू, असंही करू नका. त्याला धड भिंतच नसते.

कॉइलसाठी जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) उजव्या हृदयातून फुप्फुस-धमनीत नेतात. जमेल तिथे फुग्याच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे धमनी बुजवतात. फक्त मागची, म्हणजे हृदयाकडची बाजू बुजवली तर पुढून रक्त उलटं भरू शकतं, आणि फुग्याच्या आतच कॉइल दाबून भरली तर तो फुटण्याची भीती असते. नंतर काही दिवस ताप येऊ शकतो, छातीत दुखू शकतं.

औषधं मात्र थांबणार नाहीत. कॉइल रक्त अडवते, बुरशी मारत नाही. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक साधारण दर किलो वजनाला रोज ५ मिग्रॅ देतात, तेही ५ टक्के डेक्स्ट्रोजमधूनच. सलाइनमध्ये ते फुटून साका धरतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारं), पोटॅशियम, मॅग्नेशियम वरचेवर तपासावं लागतं. अँजिओग्राफीच्या डायचाही मूत्रपिंडांवर भार पडतो, म्हणून आधीचे रिपोर्ट सोबत न्या. पुढे पोसाकोनाझोलच्या गोळ्या, बहुधा कित्येक महिने. रोग एकाच खंडात असेल आणि तब्येत झेपणारी असेल, तर तो भाग काढण्याबद्दल छातीच्या सर्जनना आत्ताच विचारा. साखर ताब्यात नसेल तर यातलं काहीच टिकत नाही.

घरी रक्त पडलं तर ज्या बाजूच्या फुप्फुसात रोग आहे त्याच कुशीवर झोपवा, म्हणजे चांगल्या फुप्फुसात रक्त उतरत नाही. धोका रक्त कमी होण्यापेक्षा गुदमरण्याचा जास्त; श्वासनलिकांत मिळून जागा जेमतेम १५० मिलि. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. कपभर रक्त पडेपर्यंत वाट पाहू नका. चमचाभर ताजं रक्त दिसलं तरी १०८ला फोन करून, कॅथलॅब (कॅथेटरने उपचार करायची खोली) असलेल्या रुग्णालयात न्या.