मोटरहोम (आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन दोन महिने अमेरिकेत फिरताना नातेवाईकांच्या भेटी आणि पर्यटन दोन्ही कसं जमवावं?

तुमचा बेत असा दिसतोय: सप्टेंबरपासून दोन महिने, सिएटलहून निघून ग्लेशिअर, यलोस्टोन, झायन, ग्रँड कॅन्यन ही राष्ट्रीय उद्यानं करत फिनिक्सला पोचायचं. वाटेत सॉल्ट लेक सिटीला मावसभाऊ, लास व्हेगासला भाची आणि शेवटी फिनिक्सला आत्या. वेळेची वाटणी कशी करायची आणि गाडी त्यांच्या दारात लावता येईल का, हे तुम्ही विचारलंय.

वाटणीबद्दल माझं मत पक्कं आहे. शनिवार-रविवार नातेवाईकांचे, सोमवार ते शुक्रवार पार्कांचे. आम्ही दोघं असेच फिरतो. मंगळवारी दुपारी भाचीकडे पोचलात तर ती ऑफिसात, संध्याकाळी दमून घरी येणार आणि तुम्ही दिवसभर तिच्या सोफ्यावर बसून राहणार. आणि शनिवारी पार्कच्या गेटवर गेलात तर गाड्यांची रांग आणि कॅम्पग्राउंड फुल्ल. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरच्या (दरीच्या दक्षिण काठावरच्या) मॅथर कॅम्पग्राउंडसारख्या जागांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणून पार्कांच्या तारखा आधी पक्क्या करा आणि मग उरलेले वीकेंड नातेवाईकांना कळवा. बरेच जण हे उलटं करतात, म्हणजे आधी आत्याला शब्द देतात आणि मग जागा शोधत बसतात. मॅथरमध्ये 30 फुटांपर्यंतच्याच गाड्या घेतात आणि गाडीला वीज-पाणी जोडायची सोय (हूकअप) नाही. ते हवं असेल तर जवळच ट्रेलर व्हिलेज आहे.

उत्तरेकडून दक्षिणेकडे यायचा तुमचा क्रम बरोबर आहे, तो कोणी कितीही सांगितलं तरी बदलू नका. ग्लेशिअरमधला वरचा घाटरस्ता ऑक्टोबरात बर्फामुळे बंद होतो, यलोस्टोनमधले बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला.

नातेवाईक सांगणारच, "आलाच आहात तर हेही बघून जा, इथून जवळच आहे." त्यांचं जवळ म्हणजे कारचं जवळ. फिनिक्सहून साउथ रिम कारने साधारण साडेतीन तास. पण फिनिक्सची उंची हजार-अकराशे फूट आणि रिमची सुमारे सात हजार. तो सगळा चढ भरलेल्या मोटरहोमने चढायचा, गॅलनला आठ-दहा मैल देणाऱ्या गाडीने. नकाशा जो वेळ दाखवेल त्यात पाव भाग वाढवून धरा.

आता दारात गाडी लावण्याचं. दोन रात्रींपुरती लावता येते, पण आधी तीन गोष्टी विचारून घ्या. वसाहतीचे नियम काय आहेत, कारण बऱ्याच ठिकाणी एचओए (वसाहतीची घरमालकांची संस्था) मोटरहोम उभी करू देत नाही किंवा एखादा दिवसच देते. ड्राइव्हवेला उतार किती आहे, कारण तीव्र उतारावर गाडीचं शेपूट जमिनीला घासतं, आणि गाडी तिरकी उभी राहिली तर गॅसवर चालणारा फ्रिज नीट थंड करत नाही. आणि दारासमोर झाडाच्या फांद्या किती खाली आल्यात. शेवटचा प्रश्न कोणालाच सुचत नाही, कारण घरातल्या माणसाने स्वतःच्या दारात अकरा-बारा फुटांवर वर बघितलेलंच नसतं. फोटो मागवा.

विजेचा घोळ सगळ्यांचा होतो. बऱ्याच मोटरहोमची वायर 30 अँपिअरची असते, घराच्या गॅरेजमधला साधा प्लग बहुधा 15 चा. अॅडॉप्टर लावला की जोडणी होते आणि सगळं चालेल असं वाटतं. पण 120 व्होल्टला 15 अँपिअर म्हणजे जास्तीत जास्त 1800 वॉट. छतावरचा एसी एकटाच जवळजवळ तेवढे खातो. त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. त्याच सर्किटवर यजमानांचा गॅरेजमधला फ्रीझर असेल तर तोही बंद, आणि ते कळणार दुसऱ्या दिवशी सकाळी. घराच्या विजेवर फक्त बॅटरी चार्ज करा आणि दिवे लावा, फ्रिज गॅसवर ठेवा, एसीचं नाव काढू नका. एक्स्टेन्शन लागलीच तर जाड तारेची घ्या. बारीक वायर हाताला गरम लागली तर लगेच काढा.

त्यांच्याकडे जायच्या आधी डम्प स्टेशनला (गाडीतलं सांडपाणी सोडायच्या जागी) थांबून दोन्ही टाक्या रिकाम्या करा. आधी ब्लॅक टँक (संडासाची टाकी), मग ग्रे (अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची), म्हणजे ग्रेच्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. रिकाम्या ब्लॅक टँकमध्ये थोडं पाणी ओतून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तळाशी बसलेलं निघत नाही. ग्रेचं पाणीसुद्धा त्यांच्या लॉनवर सोडायचं नाही, मावसभाऊ "सोड रे, काही होत नाही" म्हणाला तरी.

ड्राइव्हवे जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. जवळच्या आरव्ही पार्कमध्ये (मोटरहोम लावायच्या भाड्याच्या तळावर) गाडी लावा आणि त्यांना न्यायला बोलवा. खरं तर मला हेच जास्त आवडतं.

कारण नातेवाईकांच्या कारचा पर्यटनाला मोठा उपयोग आहे. झायनमधला माउंट कार्मेल बोगदा 1930 साली खुला झाला, त्या काळच्या गाड्यांच्या मापाचा. मोठ्या मोटरहोमवर तिथे निर्बंध आहेत, निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर ताजे नियम बघा. डेथ व्हॅलीतल्या दांतेज व्ह्यूच्या रस्त्यावर 25 फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. ही दोन्ही ठिकाणं लास व्हेगासहून कारने दोन-अडीच तासांवर. म्हणजे मोटरहोम आरव्ही पार्कात ठेवा आणि शनिवारी भाचीबरोबर तिच्याच गाडीतून यातलं एक करा. शनिवारची रांग सोसावी लागली तरी कॅम्पग्राउंड शोधायचं नसतं. भेटही होते आणि डोंगरही बघून होतो. घरात बसून त्याच त्या गप्पा मारण्यापेक्षा गाडीत दोन-अडीच तास जास्त चांगलं बोलणं होतं.

ग्लेशिअरला तुमचं कोणी नातेवाईक नाही, आणि तिथलाच नियम सगळ्यात कडक. गोइंग-टू-द-सन रोडच्या (वर सांगितलेला घाटरस्ता) वरच्या भागात 21 फुटांपेक्षा लांब किंवा 8 फुटांपेक्षा रुंद गाडी चालत नाही, लांबी बंपरसकट आणि रुंदी आरशांसकट मोजायची. तिथे भाड्याची छोटी कार घ्या, किंवा पार्कातल्या 1930च्या दशकातल्या लाल टूर बसमधून जा.

"घरात खोली रिकामी असताना गाडीत काय झोपता?" यावर आत्या रुसणार. आम्ही झोपायला गाडीत जातो, पण अंघोळ, कपडे धुणं, सकाळचा चहा सगळं घरात. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. मुलं असतील तर त्यांना एक रात्र गाडीत झोपायला बोलवा, मग आईबाप काही बोलत नाहीत.

एक शेवटचं. वाटेत एखादा पार्ट किंवा औषध मागवायचं झालं तर कॅम्पग्राउंडवर पार्सल मिळवणं कठीण असतं. पुढच्या नातेवाईकाचा पत्ता द्या, आणि पार्सल येणार आहे हे त्यांना आधी सांगा.