लिनक्सवर चालणारं मेकफाइलचं बिल्ड मॅक आणि विंडोजवरही कसं चालवावं?

तुम्ही विचारलंय की उबुंटूवर नीट बिल्ड होणारा तुमचा सी प्रोजेक्ट मॅकवर मध्येच अडतो आणि विंडोजवर सुरूच होत नाही. तर मेकफाइलमध्येच (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलमध्ये) प्रत्येक ओएससाठी अटी वाढवाव्यात की सीमेक, म्हणजे प्रत्येक ओएसला साजेशा बिल्ड फाइल्स तयार करून देणारं टूल, घ्यावं?

सीमेक घ्या. पण तेवढ्याने भागणार नाही. मी गेली काही वर्षं एक सी लायब्ररी या तिन्ही ओएसवर सांभाळतोय. आमचं घोडं कंपायलरपाशी क्वचितच अडलं. ते पेंड खायचं रेसिपीतल्या, म्हणजे मेकफाइलमध्ये प्रत्येक टप्प्यासाठी लिहिलेल्या, शेल कमांडच्या ओळींपाशी.

आमची व्हर्जन नंबर घालणारी ओळच घ्या. ती 'सेड -आय' वापरायची; सेड ही मजकूर बदलणारी कमांड, आणि -आयने बदल थेट त्याच फाइलमध्ये होतो. लिनक्सवरच्या जीएनयू सेडला नुसतं -आय चालतं. मॅकवरचं सेड बीएसडी घराण्यातलं, त्याला -आयपुढे बॅकअप फाइलचं एक्स्टेन्शन लागतंच. ते नसलं की सेड पुढचं एक्स्प्रेशनच एक्स्टेन्शन समजतो आणि फाइलचं नाव कमांड म्हणून वाचायला जातो. जो एरर येतो त्यावरून मूळ कारण कळणं अवघड. शिवाय मॅकवर ॲपलच्या टूल्सबरोबर येणारं मेक (मेकफाइल चालवणारं टूल) ३.८१ आहे, २००६ सालचं. रेसिपीच्या सगळ्या ओळी एकाच शेलमध्ये चालवणारं 'वनशेल' आलं ३.८२ मध्ये. जुनं मेक त्याबद्दल तक्रारही करत नाही, प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालवतं, आणि आधीच्या ओळीत 'सीडी'ने बदललेलं फोल्डर पुढच्या ओळीत पुसलेलं असतं.

म्हणून अशा ओळी आधी काढा. हेडरमध्ये व्हर्जन घालायला सीमेकचं कॉन्फिगर_फाइल आहे. फाइल कॉपी करणं, फोल्डर बनवणं 'सीमेक -ई' ने होतं आणि ते तिन्हीकडे सारखंच वागतं. त्याहून जास्त काही लागलं तर छोटी पायथन स्क्रिप्ट लिहा.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: बिल्डने ओएसचं नाव विचारू नये, हवी ती गोष्ट आहे का ते विचारावं. आमच्या कोडमध्ये 'लिनक्स असेल तर स्ट्रएलसीपीवाय (स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन) आपलं वापर' अशी अट होती, कारण ग्लिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या सी लायब्ररीत, ते फंक्शन नव्हतं. २०२३ मध्ये ग्लिबसी २.३८ मध्ये ते आलं. आम्ही उबुंटू २४.०४ वर गेलो आणि आमचं स्टॅटिक फंक्शन सिस्टिमच्या हेडरशी भिडलं; वर्षानुवर्षं चाललेलं बिल्ड त्या दिवशी मोडलं. तिथे सीमेकचं चेक_सिम्बॉल_एक्झिस्ट्स वापरलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. ही तपासणी एक छोटा प्रोग्राम खरोखर कंपाइल आणि लिंक करून पाहते, त्यामुळे उद्या ओएस बदलली तरी उत्तर खरंच येतं.

विंडोजवर शेअर्ड लायब्ररी बनवणार असाल तर आणखी एक अडचण येईल. लिनक्सवर जीसीसी कंपायलर सगळे सिम्बॉल (लायब्ररीतल्या फंक्शन्सची वगैरे नावं) आपोआप बाहेर दाखवतं. विंडोजवरचं व्हिज्युअल सी++ सांगितल्याशिवाय एकही दाखवत नाही. मग डीएलएल (विंडोजची शेअर्ड लायब्ररी) तयार होतं, पण लिंक करायला लागणारी .लिब फाइल बनतच नाही. सीमेकचं जनरेट_एक्स्पोर्ट_हेडर वापरून सार्वजनिक फंक्शन्सवर खूण करा, आणि लिनक्सवरही डीफॉल्ट व्हिजिबिलिटी 'हिडन' ठेवा. मग खूण राहून गेलेलं फंक्शन विंडोजपर्यंत जायच्या आत तुमच्याच टेबलावर सापडतं.

मॅक आणि विंडोज फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल सहसा पाहत नाहीत, लिनक्स पाहतं. त्यामुळे मॅक किंवा विंडोजवर लिहिलेला इन्क्लूड तुमच्या लिनक्सवर अडू शकतो.

आजच सेडची ओळ काढा आणि पुढच्या कमिटपासून सीआयमध्ये (प्रत्येक कमिटवर आपोआप बिल्ड चालवणाऱ्या व्यवस्थेत) तिन्ही ओएस लावा, विंडोजचं बिल्ड लाल दिसत असलं तरी. सीमेकचं काम त्यानंतर एकेका टार्गेटने करा. तोवर जुनी मेकफाइल शेजारी राहू द्या.