१३ टीम खेळला म्हणजे टिकला नाही, असं कोण म्हणतं?

गेल्या अंकात टीम बदलत बदलत आख्खं करिअर काढणाऱ्या बास्केटबॉल खेळाडूंबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बाकीच्या पत्रांतही होता.

प्रश्न: माझा मुलगा २१ वर्षांचा आहे, उंची सहा फूट, पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ जुळवणारा) खेळतो, ज्युनियरला गोव्याच्या टीममध्ये होता. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू आहे आणि त्याला प्रोफेशनल खेळायचंय. तो सारखा अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या त्या इश स्मिथचं नाव घेतो. माझा भाऊ म्हणतो, ज्याला १३ टीमनी काढून टाकलं त्याचा कसला आदर्श, एका ठिकाणी टिकत नाही तो माणूस कामाचा नाही. मला दोघांनाही काय सांगावं ते कळत नाही. (एक आई, फोंडा)

उत्तर: ताई, १३ टीमनी सोडलं हे तुमच्या भावाला दिसतं, मग १३ टीमनी घेतलं हे का दिसत नाही? आधी कुणीतरी बोलवावं लागतं, त्याशिवाय सोडणार कोण? २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, इश स्मिथला एकाही टीमने निवडलं नव्हतं. एनबीएत टीम ३०, प्रत्येकीत पक्क्या जागा १५, म्हणजे सगळ्या जगातून साडेचारशे माणसं, आणि दर वर्षी कॉलेजमधून, युरोपमधून ताजी उंच पोरं त्याच जागांवर डोळा ठेवून येतात. तिथे हा सहा फुटी माणूस, उंचीने तुमच्या मुलाएवढाच, २०१० पासून पार २०२३-२४ च्या सीझनपर्यंत खेळत राहिला. १३ वेगवेगळ्या टीम हा तिथला रेकॉर्ड आहे. त्याच्या आधी १२ टीमचा रेकॉर्ड चौघांच्या नावावर होता, आणि त्यातला जो स्मिथ हा १९९५ च्या ड्राफ्टमध्ये चक्क पहिल्या नंबरवर निवडला गेलेला खेळाडू, पुढे दिग्गज ठरलेल्या केव्हिन गार्नेटच्याही आधी. त्यामुळे जो फिरतो तो कमी दर्जाचा असतो हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका.

खेळाडू फिरतो कशामुळे ते बघा, कारण घरच्या भांडणातला अर्धा गैरसमज इथेच आहे. एनबीएत टीमच्या एकूण पगारावर मर्यादा असते, आणि जी टीम त्या मर्यादेच्या वर गेलीय तिने दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल केली तर दोन्ही बाजूंच्या पगारांचा हिशोब जवळपास जुळवावा लागतो. मग मोठ्या खेळाडूच्या सौद्यात आकडे जुळवायला छोट्या-मध्यम पगाराचा एखादा गडी जोडला जातो. त्याचा खेळ वाईट झाला म्हणून नाही, त्याच्या पगाराचा आकडा सोयीचा असतो म्हणून. कॉन्ट्रॅक्ट जसंच्या तसं त्याच्याबरोबर नव्या गावाला जातं, एक पैसा कमी होत नाही. बाकी वेळा एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट संपतं आणि उन्हाळ्यात दुसरी टीम बोलावते, एवढंच.

आणि त्याचं काम काय असतं ते एकदा जवळून बघा, म्हणजे मुलालाही नीट कळेल. पहिल्या क्वार्टरची दोन-तीन मिनिटं उरलेली असतात, मेन गार्ड दमलेला असतो, कोच बेंचकडे बघून बोट करतो आणि हा वॉर्मअप काढून आत जातो. पुढच्या सात-आठ मिनिटांत त्याने बॉल हरवायचा नाही, समोरच्याच्या प्रेसमधून, म्हणजे अंगावर येणाऱ्या डिफेन्समधून, तो पुढे न्यायचा, कोचने हाक दिलेला सेट, म्हणजे ठरलेली चाल, बरोबर लावायचा, कोपऱ्यातल्या शूटरच्या हातात बॉल वेळेवर पोचवायचा, आणि मेन गार्ड परत येईपर्यंत लीड जशीच्या तशी ठेवायची. यात हायलाइट काही होत नाही. पण नव्या टीमची सगळी प्लेबुक, म्हणजे चालींची वही, चार दिवसांत पाठ करून, ज्यांच्याबरोबर कधी खेळलो नाही अशा चौघांबरोबर हे करायचं असतं, आणि हे जमणारे लोक फार थोडे आहेत म्हणून त्यांना फोन येत राहतात. २०१५ च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाने ३१ मॅचमधून फक्त एक जिंकली होती, टीममध्ये तरुण पोरं होती पण त्यांना बॉल आणून देणारंच कुणी नव्हतं. तेव्हा त्यांनी ड्राफ्टमधल्या निवडीचे दोन हक्क देऊन कुणाला परत आणलं? याच इश स्मिथला, ज्याला आधीच्या उन्हाळ्यात त्यांनीच जाऊ दिलं होतं! पुढे २०२३ ला तो डेन्व्हरबरोबर चॅम्पियन झाला. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याला फारच थोडी मिनिटं मिळाली हे खरंय, पण सीझनभर प्रॅक्टिसला समोरच्या टीमचा गार्ड बनून उभं राहणारा, तरुणांना बाजूला घेऊन समजावणारा माणूस कुठल्याही चांगल्या कोचला हवाच असतो.

गोव्यात तरी हे कळायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे कितीतरी घरांतली माणसं बोटीवर जातात, सहा-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग घरी, मग दुसरी बोट, कधी दुसरी कंपनी. वीस वर्षं अशी नोकरी केलेल्या माणसाला कुणी म्हणत नाही की हा एका बोटीवर टिकला नाही, उलट गावात त्याला मान असतो की दर वेळी ह्याला परत बोलावतात. तुमच्या भावाला हेच सांगा.

आता मुलाबद्दल, आणि हे जरा स्पष्टच लिहितो. इश स्मिथ आवडणं वेगळं आणि एनबीएचं स्वप्न धरून बी.कॉम. सोडणं वेगळं. डिग्री पुरी करू दे, त्यात तडजोड नको. भारतात आजही बास्केटबॉलवर घर चालतं ते मुख्यतः डिपार्टमेंटच्या नोकरीवर, रेल्वे, ओएनजीसी, सर्व्हिसेस, बँका, तिथे स्पोर्ट्स कोट्यातून घेतात, पगार दर महिन्याला येतो आणि नॅशनलला खेळताही येतं. विशेष भृगुवंशी हे ओएनजीसीचे खेळाडू, भारताचे कॅप्टन राहिलेले, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लीगमधल्या अॅडलेडच्या टीमने त्यांना घेतलं आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. म्हणजे नोकरी आणि बाहेरचं कॉन्ट्रॅक्ट या दोन गोष्टी एकमेकींच्या आड यायलाच हव्यात असं नाही. सहा फुटी गार्डला उंचीवर कुणी घेणार नाही, त्याला बॉल न हरवणं आणि बाहेरून शॉट मारणं यावरच घेतील, तेव्हा रोज तेवढंच घोटू दे. आणि पावसाळ्यात आपली उघडी काँक्रीटची कोर्टं शेवाळाने हिरवी होतात, पोरं खराट्याने घासून, ब्लीचिंग पावडर टाकून तिथेच खेळतात, दर दोन मिनिटांनी बुटाचा तळ तळहाताने पुसत. ती जिद्द मला मनापासून आवडते, पण जून ते सप्टेंबर ओल्या कोर्टवर फुल स्पीडने कट मारायला त्याला देऊ नका. छप्पर असलेली जागा मिळेल त्या दिवशी मॅच, बाकीचे दिवस ड्रिब्लिंग आणि जिम. ह्या धंद्यात गुडघा हेच भांडवल आहे आणि ते मी अनेकांचं विशीतच गेलेलं बघितलंय.

प्रश्न: ते टेन-डे कॉन्ट्रॅक्ट म्हणजे नक्की काय असतं? दहा दिवसात कोण काय दाखवणार? (कॉलेज विद्यार्थी, म्हापसा)

उत्तर: जानेवारीच्या सुरुवातीपासून एनबीएच्या टीमना असं दहा दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट देता येतं, कुणी जखमी झालं, जागा रिकामी आहे, की जी लीगमधल्या, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमधल्या, एखाद्याला बोलावतात. एकाच टीमने एका खेळाडूला एका सीझनमध्ये हे दोनदाच द्यायचं, तिसऱ्यांदा हवा असेल तर सीझन संपेपर्यंत ठेवून घ्यायचं, नाहीतर सोडायचं. दहा दिवसात काय दाखवणार हा तुझा प्रश्न बरोबर आहे, कधीकधी काहीच दाखवता येत नाही. सिम भुल्लर, कॅनडातल्या पंजाबी घरातला सात फूट पाच इंच उंच मुलगा, एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू, तो एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रॅमेंटोकडे अशाच दहा दिवसांवर आला आणि पहिल्या मॅचला मिळाले जेमतेम १६ सेकंद. पुढे तो तैवानमध्ये जाऊन खेळला आणि तिथे चांगलं करिअर केलं.

दुसऱ्या बाजूला आंद्रे इन्ग्राम बघ. फिजिक्सची डिग्री, दहा वर्षं खालच्या लीगमध्ये, पगार इतका कमी की बाजूला पोरांना गणित शिकवायचा. १० एप्रिल २०१८ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, सीझनच्या शेवटच्या दोन मॅचसाठी लेकर्सने त्याला वर घेतलं आणि पहिल्याच मॅचमध्ये ह्यूस्टनसमोर त्याने १९ पॉइंट केले! ते दहा वर्षांत रोज मारलेल्या शॉटचं फळ होतं, त्या एका रात्रीचं नव्हतं. पैशाचाही अंदाज देतो, २०२३-२४ मध्ये जी लीगचा सीझनचा पगार साधारण ४०,५०० डॉलर होता आणि त्याच वर्षी एनबीएतल्या नवख्याचा कमीत कमी पगार अकरा लाख डॉलरच्या वर. एका पायरीत एवढा फरक आहे, म्हणून लोक वयाच्या तिशीतही त्या दहा दिवसांची वाट बघतात.

प्रश्न: आमच्या घरी आजोबांमुळे पोर्तुगीज पासपोर्ट काढायचं चाललंय. तो असेल तर युरोपमध्ये खेळायला सोपं पडतं असं एकाने सांगितलं, खरं का? मला भारताकडून खेळायचीही इच्छा आहे. (वय १९, मडगाव)

उत्तर: पहिला भाग खरा आहे. युरोपच्या बऱ्याच लीगमध्ये बाहेरून आणलेल्या खेळाडूंची संख्या ठरवून दिलेली असते आणि त्या जागा सहसा अमेरिकनांना जातात, कारण क्लबला तेवढ्या जागेत वीस पॉइंट करणारा माणूस हवा असतो. युरोपियन कोर्टाच्या १९९५ च्या बोसमन निकालानंतर युरोपियन युनियनच्या नागरिकाला तिथे परदेशी म्हणून मोजत नाहीत, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट असलेला खेळाडू त्या मर्यादेत अडकत नाही. पोर्तुगालमध्ये बेन्फिका, पोर्तो, स्पोर्टिंग ही फुटबॉलमुळे आपल्या ओळखीची नावं बास्केटबॉलमध्येही आहेत, आणि त्यांच्या खाली छोट्या क्लबांच्या लीग आहेत.

पण दुसरा भाग नीट वाच बाबा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. पोर्तुगीज नागरिक झालास की भारतीय नागरिकत्व जातं, ओसीआय कार्ड मिळालं तरी ते नागरिकत्व नव्हे, आणि भारताच्या टीममध्ये भारतीय नागरिकच खेळू शकतो. १९ व्या वर्षी हे दार बंद करायचं की नाही हे घरच्यांनी नाही, तू ठरवायचंस. माझं मत विचारशील तर आधी इथे सीनियर नॅशनलपर्यंत जा, तुझी लेव्हल कळू दे, मग पासपोर्टचं बघ. पासपोर्ट फक्त रांग छोटी करतो, खेळ तुझाच लागतो. पी. जे. टकर अमेरिकन असून २००६ च्या ड्राफ्टनंतर वर्षभरात बाहेर पडला, मग इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असं पाच वर्षं फिरला, इस्रायलमध्ये आणि जर्मनीत लीग जिंकली, तेव्हा कुठे २०१२ ला फिनिक्सने त्याला एनबीएत परत आणलं आणि २०२१ ला मिलवॉकीबरोबर तो चॅम्पियन झाला. एनबीएत परतल्यावर त्याने पॉइंटपेक्षा डिफेन्सवर नाव कमावलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

प्रश्न: माझ्या मित्राला इन्स्टाग्रामवर एका एजंटचा मेसेज आलाय, पूर्व युरोपमध्ये क्लब बघून देतो, आधी ६० हजार भरा म्हणतोय. भरावे का? (साखळी)

उत्तर: नाही. एक रुपया भरू नका. खऱ्या एजंटची कमाई खेळाडूला कॉन्ट्रॅक्ट मिळाल्यावर होते, युरोपमध्ये ती साधारण पगाराच्या १० टक्के असते आणि बऱ्याचदा क्लबच देतो. फिबाकडे, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेकडे, लायसन्सवाल्या एजंटांची यादी असते, त्यात नाव आहे का ते मित्राने स्वतः बघावं, एजंटने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नये. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जायचं तर आपल्या फेडरेशनकडून लेटर ऑफ क्लिअरन्स लागतं, जो एजंट त्याचं नावच काढत नाही त्याला काम माहीत नाही किंवा फसवतोय.

आणि समजा खरंच कॉन्ट्रॅक्ट आलं, तर सही करायच्या आधी हे विचारायचं: पगार किती महिन्यांचा, टॅक्स कापून की कापायच्या आधी, घर कोण देणार, जखमी झालो तर ऑपरेशनचा खर्च आणि त्या काळातला पगार कोण देणार, परतीचं तिकीट आहे का. छोट्या क्लबांत दोन-दोन महिने पगार अडकणं हे नेहमीचंच आहे, म्हणून वाद झाला तर तो फिबाच्या बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे, म्हणजे लवादाकडे, जाईल असं कलम कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्यायचंच. ते कलम असेल आणि निकाल क्लबविरुद्ध लागूनही क्लबने पैसे दिले नाहीत, तर फिबा त्या क्लबला नवीन खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते, आणि मग क्लब पैसे सोडतो. कलम नसेल तर मित्र परक्या देशात वकील शोधत बसेल. सहीची कॉपी घरी आईवडिलांकडे एक ठेवायला सांगा, आणि तो मेसेजवाला परत आला तर त्याच्याकडे फक्त लायसन्स नंबर मागा.