खाटेवरून उठताना हात टेकावा लागतो

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. एचआयव्ही आहे, १४ वर्षांपासून एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) चालू, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दिसत नाही इतका कमी. पण मांड्या पार सुकल्या, पोरगा म्हणते वजन उचलू नका, थकान. व्यायाम करू का?

उत्तर : करा काकाजी, नक्की करा! वयानं स्नायू झिजतातच, एचआयव्हीत ते जरा लवकर होऊ शकतं, आणि टीएलडी या एआरटीच्या गोळीतल्या टेनोफोविर औषधानं हाडंही थोडी विरळ होऊ शकतात, म्हणून नुसतं वावरात चक्कर मारून भागत नाही, ताकदीचा व्यायाम लागतोच. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीशी, उठा, मग तीन मोजत हळूहळू बसा, खरी मेहनत या बसण्यातच आहे बरं. आठ-दहा वेळा, थांबून परत. मग लिटरभर पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातात घेऊन कोपरातून वर-खाली, श्वास रोखायचा नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, मधे एक दिवस आराम. जेवणात तुरीचं वरण घट्ट ठेवा, चालत असेल तर अंडं. बीपी, छातीत दुखणं असेल तर आधी एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना विचारा. अन् गोळी एकही चुकवू नका. पोराला हे वाचून दाखवा, त्याची काळजी खरी आहे पण बसून राहिलात तर जास्त थकाल.