आयसीयूतून ‘म्हाताऱ्यांच्या वॉर्डात’ जावं का?

तू विचारलंस, इंदूरला आयसीयूत काम केलेल्या नर्सनं इंग्लंडमधली ‘केअर ऑफ द एल्डरली’ वॉर्डाची ऑफर घ्यावी, की ते एक पायरी खाली उतरणं आहे. तिथे नुसते डायपर बदलावे लागतात असं तू ऐकलंयस. माझं मत, घे. डायपर बदलावे लागतातच, ते आधीच सांगून ठेवते. मीही इंदूरचीच, आणि सध्या यॉर्कशायरमध्ये अशाच वॉर्डात आहे.

आपल्याकडे एम.वाय. हे सरकारी रुग्णालय असो की खासगी, पेशंटजवळ अटेंडर असतोच. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, बाथरूमला नेणं हे सून, मुलगी नाहीतर पैसे देऊन ठेवलेली बाई करते; आपण इंजेक्शनं, सलाईन आणि डॉक्टरांचा राउंड सांभाळतो. पण निम्मं असेसमेंटही तीच सून आपल्याला आयतं आणून देते. “सिस्टर, बाबा कालपासून काहीतरी वेगळंच बोलताहेत.” “दोन दिवस पोट साफ नाही.” इथे नातेवाईक भेटून निघून जातात. ती सगळी माहिती तुला स्वतः काढावी लागते, आणि ती बरीचशी सकाळी अंग पुसतानाच मिळते. माकडहाड, टाचा, पाठ दिसते. उभं राहताना पाय लटपटतात का, कूस वळवली की चेहरा कसा होतो, ते कळतं. हे काम पूर्णपणे हेल्थकेअर असिस्टंटवर, म्हणजे नर्सच्या मदतनिसावर, सोडणारी नर्स मला पटत नाही. आणि एक, गोऱ्या कातडीवर बेडसोरची सुरुवात लालीनं दिसते. सावळ्या कातडीवर ती दिसेलच असं नाही. तिथे हात लावून जागा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का ते बघायचं. आपल्याकडच्या नर्सला हे इथल्या नर्सच्या आधी सुचायला हवं.

डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा गोंधळ, तू पाहिला असशीलच, नळ्या ओढणारा, ओरडणारा. इथे जास्त फसवतो तो गप्प डिलिरियम. काल गप्पा मारणाऱ्या आजी आज नुसत्या पडून आहेत, तर आपल्या घरी म्हणतील, चला, जरा झोप लागली. इथे ‘फोर-एटी’ चाचणी करतात: पेशंट किती जागा आहे, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि साल सांगता येतं का, डिसेंबरपासून महिने उलटे म्हणता येतात का, आणि हा बदल अचानक झालाय किंवा कमीजास्त होतोय का. ४ किंवा जास्त गुण आले की डिलिरियम धरून कारण शोधायचं: दुखणं, इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, कमी पाणी, नवीन गोळी. ताप नाही म्हणून इन्फेक्शन नाही, असं या वयात धरता येत नाही. पेशंट किती बिघडलाय ते गुणांत मोजणाऱ्या ‘न्यूज-२’ तक्त्यात नव्यानं आलेल्या गोंधळाला एकट्याला ३ गुण आहेत. म्हणजे बीपी, नाडी, ऑक्सिजन सगळं ठीक असलं तरी तातडीनं पेशंट दाखवावाच लागतो. अचानक बदल झालाय का, हे सांगायला सून शेजारी नसते, म्हणून केअर होमला किंवा मुलीला फोन लावायचा. त्याआधी श्रवणयंत्राची बॅटरी बघ. कितीतरी ‘गोंधळलेले’ आजोबा फक्त बहिरे असतात.

(माझ्या आजीला फाल्गुन, माघ, पौष असं उलटं विचारलं तर ती घडाघडा म्हणेल, डिसेंबर-नोव्हेंबरला अडखळेल. आपल्या देशातून इथे आलेल्या म्हाताऱ्या माणसांना गुण देताना हे डोक्यात ठेव.)

सगळ्यात जड जाईल ते वेगळंच. मुलगा बाजूला घेऊन सांगतो, “बाबांना कॅन्सरचं कळू देऊ नका.” इंदूरला आपण मान डोलावतो. इथे २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट आहे. उलट सिद्ध होईपर्यंत माणूस स्वतःचा निर्णय घेऊ शकतो असंच धरायचं. तो निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटत नाही, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येत नाही. प्रश्न बाबांना विचारायचा, मुलाकडे बघून नाही. नव्वदीच्या बाई जिना असलेल्या घरी एकट्या परत जाईन म्हणतात, आणि जातात. आपण जिन्याला कठडा, गळ्यात अलार्मचं बटण, दिवसातून भेट देणारी मदतनीस यांची सोय बघायची. मला अजूनही पोटात कालवतं.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. सीबीटी ही संगणकावरची नर्सिंगची परीक्षा भारतातूनच देता येते. ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा मात्र इथे येऊन, दहा स्टेशनांची. त्यातली चार असेसमेंट, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन अशी एकाच पेशंटभोवती फिरतात. आयसीयूवाल्या पोरी मशीन बघतात आणि पेशंटला “दुखतंय का?” विचारायचं विसरतात, तिथे गुण जातात. नोकरी मिळवून देण्याचे पैसे एजंट मागत असेल तर दुसरा बघ. इथल्या नियमांत ते बसत नाही. ‘आधी केअर वर्कर म्हणून जा, मग नर्स हो’ असं कोणी सुचवलं तर तिथेच थांब, परदेशातून नव्यानं केअर वर्कर आणणं जुलै २०२५ पासून बंद झालंय. ओएससीईची फी कोण भरणार, सुरुवातीला राहायची सोय काय, आणि मध्येच नोकरी सोडली तर किती पैसे परत मागतील, हे तिन्ही लेखी घे.

तोवर घरच्या आजोबांवर हात बसव. पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घे, मग उभं केल्यावर पहिल्या मिनिटात आणि तिसऱ्या मिनिटाला. शेजारी उभी राहा, चक्कर आली तर लगेच बसव. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर त्यांच्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा.