अपवाद सापडले म्हणालीस, त्याबद्दल

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा प्रोग्राम, दोन्ही मिळाले. ‘कोडी सोडवायचं वय गेलं, आता प्रबंधाकडे बघा’ असं गाईडनी सुनावल्यापासून तुझं चित्त थाऱ्यावर दिसत नाही. गाईडशी वाद घालू नकोस. प्रबंध वेळेत झालाच पाहिजे. फेलोशिप संपल्यावर पुढची सोय कुणी लावून देत नाही. पण म्हणून कोडी सोडायचं काही कारण नाही. तू ती अर्ध्या वाटेवर टाकून देतेस, तक्रार असलीच तर माझी एवढीच आहे.

आता तुझ्या प्रोग्रामकडे येते. देवळालीच्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ तू घेतलास, छान केलंस. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग जागचा हलत नाही. तू १००० ते ९९९९ पर्यंत सगळ्या संख्या तपासल्यास आणि कळवलंस की ७७ संख्या ६१७४ ऐवजी शून्यावर जातात. त्यांतल्या ११११, २२२२ वगैरे ९ तर जाणारच. उरलेल्या ६८ ‘अपवाद’ म्हणून तू उत्साहाने पाठवल्यास.

ती यादी एकदा डोळ्यांखालून घाल. १०००, १११२, २१११, ५५५६, ८९९९. प्रत्येकीत तीन अंक सारखे, आणि चौथा त्यांच्याहून एकने कमी किंवा जास्त. २१११ मधून १११२ गेले की उरतात ९९९. तुझ्या प्रोग्रामने ही तीन अंकी संख्या धरली, ९९९ मधून ९९९ वजा केले आणि शून्यावर गाडी थांबवली. आपला खेळ चार घरांचा आहे, तिथे ०९९९ लिहायला हवं. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. सुरुवातीचं शून्य गळू दिलं नाहीस तर एकही अपवाद उरत नाही. प्रोग्रामची दुरुस्ती एका ओळीची आहे. पण नेमक्या याच ६८ का, हे तुला यादी पाहिल्यावर विचारावंसं वाटलं नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

त्यासाठी कॉम्प्युटर बंद कर आणि रफ वही घे. उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांना क, ख, ग, घ म्हण. वजाबाकी मांडलीस की उत्तर येतं ९९९(क − घ) + ९०(ख − ग). म्हणजे चार अंक कोणते होते याच्याशी उत्तराला देणंघेणंच नाही. टोकाच्या दोन अंकांमधला फरक आणि मधल्या दोन अंकांमधला फरक, एवढंच त्याला लागतं. टोकाचा फरक १ ते ९, आणि मधला फरक ० पासून फार तर टोकाच्या फरकाएवढा. अशा जोड्या मोजून ५४ होतात. ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या जवळपास दहा हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येऊन आदळतात, आणि त्या उत्तरांमधल्या अंकांचा क्रम विसरलीस तर उरतात फक्त ३०. तुझे ६८ अपवाद म्हणजे पहिला फरक १ आणि दुसरा ० असलेली एकच जोडी. उत्तराच्या सुरुवातीला शून्य येतं ते त्या एकाच जोडीत. आणि ६१७४ म्हणजे ६ आणि २ ही जोडी: ९९९ च्या सहापटीत ९० ची दुप्पट मिळव आणि बघ. उरलेल्या प्रत्येक जोडीपासून तिच्या उत्तरातून येणाऱ्या जोडीकडे बाण काढत गेलीस की एका पानावर सगळं झाड उभं राहतं.

कोडं सुटलं म्हणजे काय, ते त्या पानाशी कळतं. प्रोग्रामने ‘असं होतं’ एवढं सांगितलं, तेही घाईने. मी प्रोग्रामिंगच्या विरुद्ध नाही, उलट गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान पायथॉन यावं असं माझं मत आहे. त्याशिवाय ती ६८ ची यादी तुझ्यासमोर आलीच नसती, आणि यादी नसती तर विचारायला काही नसतं. पण तू यादी हाती आली की दुसऱ्या कोड्याकडे पळतेस.

कापरेकरांबद्दलही थोडं लिहिते, कारण ‘त्यांचीही उपेक्षाच झाली’ असं तू लिहिलंयस. जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पदवीच्या पुढे शिक्षण नाही. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटायचं, म्हणून ते पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. मार्च १९७५ मध्ये अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या गणिती कोड्यांच्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगाला नाव कळलं. तोपर्यंत त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

ही कहाणी आपण फार हळवेपणाने सांगतो. त्यांच्याकडे नाक मुरडणाऱ्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता: ६१७४ हा दशमान पद्धतीत लिहिण्याचा परिणाम आहे, संख्येचा अंगभूत गुण नाही. आपल्याला आठच बोटं असती तर वेगळंच काही निघालं असतं. मग दहाऐवजी आठ हा पाया धरला तर काय निघतं ते शोध की! आक्षेपालाच प्रश्न करून टाकायचा. त्या कामाला तुझा प्रोग्राम अगदी योग्य आहे. ‘१०’ च्या जागी चल ठेवलास की झालं.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं, आणि गाईडसमोर ठेवायला जास्त वजनदार. यॉर्कशायरमधले डेव्हिड स्मिथ हे छपाईच्या कामातून निवृत्त झालेले गृहस्थ, आकारांशी खेळायचा नाद असलेले. २०२२ च्या अखेरीस त्यांना संगणकावर एक तेरा बाजूंचा आकार मिळाला, ज्याची फरशी नेहमीसारखी पुन्हापुन्हा तीच नक्षी देईना. त्यांनी जाड कागदातून तुकडे कापले, हाताने जुळवून पाहिले, आणि मग कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या क्रेग कॅप्लन यांना कळवलं. कॅप्लन संगणकशास्त्राचे. पुढे जोसेफ मायर्स आणि खायम गुडमन-स्ट्रॉस सामील झाले, आणि मार्च २०२३ मध्ये चौघांनी सिद्धतेसह तो आकार जाहीर केला. अशीच नक्षी न फिरणारी फरशी लावायला ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांना १९७० च्या दशकात दोन आकार लागले होते, इथे एकच पुरला. तरी कुरबुर झालीच: या फरशीत काही तुकडे उलटे करून बसवावे लागतात, मग तो एकच आकार कसा? मे संपेपर्यंत त्याच चौघांनी उलटं न करता चालणारा आकारही दिला. कागद, प्रोग्राम, सिद्धता आणि चारचौघांत बोलणं, यांतलं कुठलंही एक वगळून हे झालं असतं असं मला वाटत नाही.

आता शाळेतल्या व्याख्यानाचं. बोलावणं आलंय तर जा. स्लाइड नेऊ नकोस. फळ्यावर नियम लिही, प्रत्येकाला आपापली संख्या निवडू दे आणि वजाबाक्या करायला लाव. निम्म्या मुलांचा हातचा चुकेल, तू घाबरू नकोस. मध्येच चुकलेलं उत्तर म्हणजे नवी चार अंकी संख्या, आणि तिचे सगळे अंक सारखे नसले तर तिथूनही वाट ६१७४ कडेच जाते. चुकलेलं पोर आपण चुकलो हे न कळता बरोबर ठिकाणी पोचतं. हे लक्षात आणून दिलंस की वर्ग एकदम जागा होतो. मग विचार, चूक कुठे झाली ते पुन्हा वजाबाकी न करता कसं ओळखाल? सूत्रातल्या ९९९ आणि ९० दोन्हींना ९ ने भाग जातो, म्हणून प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यात यायला हवी. आठवीच्या मुलांना हे सहज झेपतं. हातच्याच्या काही चुका या चाळणीतून सुटतात, तेही एखादी चलाख मुलगी दाखवून देईल.

तुझ्या प्रबंधातलंही सांग. ‘ते लोकांना कळणार नाही’ हे मला पटलेलं नाही. बहुधा तू अजून त्यातलं ५४ जोड्यांचं पान शोधलेलं नाहीस. पहिलं वाक्य बोलताना अडखळलीस तर सिद्धतेत कुठेतरी तू स्वतःच पूर्ण समजलेली नाहीस असं धर आणि परत जाऊन बघ. टिंगलीची भीती असेल, तर मंगला नारळीकरांकडे बघ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन केलेल्या बाई मराठीत सामान्य वाचकांसाठी गणित लिहीत राहिल्या. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर विनोद झाले. नारळीकर बाई मात्र त्या वाचनाची बाजू घेऊन, संख्या वाचताना मुलांना होणाऱ्या अडचणी सांगत राहिल्या. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं होतं असं नाही, पण असं उभं राहता आलं पाहिजे.

एक काम देऊन थांबते. पाच अंकी संख्या घेतल्या तर एकच संख्या राहत नाही, तीन चक्रं मिळतात. त्यांतलं सर्वांत लहान ५३९५५ आणि ५९९९४ यांचं, एकीतून दुसरी आणि दुसरीतून पहिली. उरलेली दोन चार-चार संख्यांची आहेत, ती तुझा प्रोग्राम क्षणात देईल. गंमत अशी की इथेही मधला अंक वजाबाकीत गळून पडतो, सूत्र ९९९९(क − च) + ९९०(ख − घ) होतं, आणि जोड्या पुन्हा त्याच ५४. मग चार अंकांत सगळ्या वाटा एकीकडे आणि पाचांत तीन ठिकाणी का? प्रोग्राम नको, कारण लिहून पाठव. आणि तेही तिसरं प्रकरण गाईडच्या हाती दिल्यावरच.

कळावे.

तुझी
जुनी गणिताची बाई